परवाना आणि पात्रता

माझ्या एका विद्यार्थ्याला वाहन परवाना मिळाला आणि आठवड्याभरात तो चार सिलिंडरची ६५० सीसीची मोटारसायकल घेऊन महाविद्यालयात आला. चाचणी त्याने मामांच्या १०० सीसीच्या गाडीवर दिली होती. कायद्याच्या दृष्टीने यात काहीच वावगे नाही. आपल्याकडे वयाच्या १८व्या वर्षी मिळणाऱ्या गिअरच्या मोटारसायकलच्या परवान्यात शक्तीनुसार पायऱ्याच नाहीत. युरोपीय संघात मात्र 'ए-टू' परवान्यावर ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती, ही मर्यादा आहे.

सीसीचा आकडाही फसवा असतो. रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६४८ सीसीची, शक्ती सुमारे ४७ अश्वशक्ती. कावासाकीची झेडएक्स-सिक्सआर ६३६ सीसीची, शक्ती मात्र १२०हून अधिक. पहिलीही वजनाने २०० किलोंच्या पुढे आहे. दुसरी तर नवशिक्यासाठी नव्हेच.

'हात आवरून चालवली की झाले', असा युक्तिवाद नेहमी केला जातो. पण नवशिक्याचा हात आवरत नाही तो नेमका बेसावध क्षणी. खड्ड्यात चाक आदळते, मनगट नकळत पिळले जाते. लहान गाडी ती चूक पोटात घालते. शक्तिशाली गाडी सावरायला अवधीच देत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलो. त्या मुलाला मी गाडी विकायला सांगितले नाही. वर्षभर मामांचीच गाडी चालव, एवढेच म्हटले. तो हसला. माझी काळजी मात्र अजून गेलेली नाही.