सेवेला जाणाऱ्याची प्रकृती कोण पाहणार?

परदेशात भूकंप किंवा युद्ध झाले की मदतीला जाण्याची इच्छा बोलून दाखवणारी तरुण मुले-मुली आता यवतमाळ, पुसद, वणीतही भेटतात. कोणी नर्सिंग केलेले असते, कोणी नुकतेच डॉक्टर झालेले. ही इच्छा चांगलीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण निघण्याआधी हारतुरे होतात, फोटो निघतात आणि जाणाऱ्याचा रक्तदाब मात्र कोणी मोजत नाही. त्याला कधी फीट आली होती का, दमा आहे का, हेही कोणी विचारत नाही.

अशा वेळी भाषणात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव हमखास येते. सोलापूरचे हे डॉक्टर १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या उत्तर चीनमधील डोंगराळ खेड्यांत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. तेथील हिवाळा म्हणजे पारा शून्याच्या बराच खाली. १९४० च्या लढाईत ते सलग ७२ तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, असे सांगितले जाते आणि त्यावर टाळ्या पडतात. पुढचे वाक्य मात्र घाईत उरकले जाते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते अपस्माराने म्हणजे फीटच्या विकाराने गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचाच होता.

वैद्यकशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या टाळ्या अडखळतात. ज्याला फीटचा विकार आहे, त्याला झोप न मिळणे हे झटका येण्याचे एक ठळक कारण आहे. अतिश्रम आणि वेळेवर औषध न मिळणे ही आणखी दोन. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होते, फेनिटॉइनचा उपयोग तर १९३८ सालीच, म्हणजे पथक निघाले त्याच वर्षी, सिद्ध झाला. पण नाकेबंदीत सापडलेल्या त्या प्रदेशात साध्या औषधांचीही टंचाई होती. केवळ जागरणाने त्यांचा जीव गेला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. मात्र ७२ तासांचे जागरण हा आपण तरुणांपुढे ठेवायचा आदर्श नव्हे, एवढे नक्की.

ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस पुढे प्रमुख झाले, त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांचेही असेच झाले. शस्त्रक्रिया करताना बोटाला कापले, जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. पेनिसिलिन तेव्हा हाताशी नव्हते. कापलेले बोट घेऊन काम चालूच ठेवणे हा त्यागही असेल, पण डॉक्टर गेल्यावर पुढच्या जखमीला कोण पाहणार?

त्या पथकात पाच डॉक्टर होते. त्यांपैकी डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे. ते १९३९ साली परत आले. विदर्भात त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? जो परत येतो त्याला आपण विसरतो. मग प्रकृती बिघडली तरी परत यायला कोण धजावेल?

याउलट उदाहरणही आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा कडाक्याची थंडी होती, बर्फ पडत होते. आपल्या लष्कराचे ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल तेथे इस्केंदेरून शहरात उभे राहिले. लष्कराची तुकडी तपासलेली माणसे घेऊन जाते, पाळ्या लावून काम करते, वरिष्ठाने सांगितले की झोपते. स्वयंसेवी संस्थांनी हे उचलावे. प्रत्येकाची तपासणी, विमा, कामाच्या ठरलेल्या पाळ्या, आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले. फीट, मधुमेह, रक्तदाब असणाऱ्याने तो लपवू नये. औषधे मुदतीपेक्षा जास्त घ्यावीत आणि सगळी एकाच पिशवीत ठेवू नयेत.

आपण विदर्भातली माणसे ४५ अंशांचे ऊन जाणतो, बर्फाचे वारे जाणत नाही. पारा उणे १० असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या कातडीला तो उणे २१ सारखा लागतो. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, आणि घामाने ओले झालेले ताबडतोब बदलावेत. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडी गरम वाटते, पण शरीर आतून उष्णता गमावते. बोटे पांढरी, बधिर पडली तर ती चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाही, विस्तवाजवळही धरू नयेत. पुन्हा गारठण्याची भीती नसेल तरच कोमट पाण्यात ठेवावीत. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे म्हणजे विषारी वायूला बोलावणे. हे आपल्या गावातही लागू आहे.

कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, जीभ जड झाली, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजू नका. ती धोक्याची खूण आहे. त्याला आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, पांघरूण द्या, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा पाजा आणि डॉक्टरकडे न्या. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला ओलित करताना जे शेतकरी जानेवारीत गुडघाभर ओले होतात, त्यांनीही एक कोरडा जोड धुऱ्यावर नेऊन ठेवावा.