चौथी आवृत्ती

मराठीच्या अध्यापकाने दिवाळी अंकात जुन्या कवितेवर तरी लिहावे, नाहीतर मुलांच्या बिघडलेल्या शुद्धलेखनावर, असा एक संकेत आहे. यंदा तो मी मोडणार आहे. यंदाचा विषय आहे भांडण, आणि तेही सातासमुद्रापलीकडचे. वाचक म्हणतील, भांडणे काय इथे कमी आहेत, की ती परदेशातून मागवावीत? पण या भांडणात शेताचा बांध नाही, सामाईक जिना नाही, की निवडणूक नाही. एका खेळाच्या नियमांची चौथी आवृत्ती निघाली, एवढ्यावरून चांगली शिकलीसवरलेली माणसे दोन-तीन वर्षे एकमेकांवर दातओठ खात होती!

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली अमेरिकेत विक्रीस आणला. पहिल्या खेपेला १००० प्रती छापल्या होत्या. या खेळात कुणी जिंकत नाही की हरत नाही. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. एक जण सूत्रधार. तो म्हणतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी आला आहात. आत कोणीतरी घोरते आहे." बाकीच्यांपैकी कुणी मांत्रिक असतो, कुणी योद्धा, कुणी चोर. आपापल्या पात्राने काय करावे हे ज्याने त्याने सांगायचे, आणि ते साधले की फसले हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. कथा आठवड्यामागून आठवडे चालते, कधी वर्षानुवर्षेही. भिशीला जशी माणसे ठरलेली, तशीच इथेही. आणि भिशीप्रमाणेच, दोघे गळाले की सगळाच डाव विस्कटतो. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे पुढचा संताप समजेल.

२००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकांनी, म्हणजे 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने, एक औदार्य दाखवले. नियमांचा गाभा त्यांनी एका खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरू दिला. लगेच लहानमोठे प्रकाशक पावसाळी छत्र्यांसारखे उगवले आणि त्याच नियमांवर बेतलेल्या कथा नि पुस्तके विकू लागले. पुढे २००८ च्या जूनमध्ये चौथी आवृत्ती आली. तिच्यात लढाईचे नियम नव्याने बांधले होते. योद्धा काय नि मांत्रिक काय, प्रत्येकाच्या शक्ती एकाच साच्यात बसवल्या. कुणी म्हणाले, आता कुठे सगळ्यांना सारखा वाव मिळाला. कुणी म्हणाले, हा आमचा खेळच नव्हे, हा संगणकावरचा खेळ टेबलावर आणून ठेवला आहे!

बरे, परवानाही नवा आणि करडा. एखाद्या प्रकाशकाने आपली पुस्तकमाला चौथ्या आवृत्तीत नेली, तर तीच माला जुन्या परवान्याखाली पुढे चालवायची नाही, असे कलम त्यात पहिल्याने होते. दोन दगडांवर पाय ठेवण्याची सोय कायद्यानेच काढून घेतली म्हणायची. २००९ साली हा परवाना सौम्य केला, पण 'पायझो' नावाच्या प्रकाशनाने जुन्या नियमांचाच पक्ष धरून, त्यांना थोडी डागडुजी करून, 'पाथफाइंडर' नावाचा आपला स्वतंत्र खेळ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काढला. झाले! दोन छावण्या पडल्या.

माझा एक मावसभाऊ त्या वेळी अमेरिकेत शिकत होता, आणि दर बुधवारी खेळत होता. तो 'कोबोल्ड क्वार्टर्ली' नावाचे त्रैमासिक विकत घेई. वुल्फगँग बाऊर या जुन्या जाणत्या संपादकाने ते २००७ साली सुरू केले होते. या त्रैमासिकात जुन्या नियमांचे लेख येत, पाथफाइंडरचे येत आणि चौथ्या आवृत्तीचेही येत. त्यावरून आमचे बंधुराज फोनवर इतके तावातावाने बोलत, की मावशीला वाटे, पोराचे कुणाशी तरी वाजले आहे.

"अरे, आठ डॉलर द्यायचे आणि निम्मी पाने शत्रूची!" हे त्याचे म्हणणे.

"न आवडती पाने सोडून दे. आम्ही दिवाळी अंकातले राशिभविष्य सोडतो की नाही?" हे माझे.

"कुणी सोडतो?" तो म्हणाला. त्यावर मला काही उत्तर सुचले नाही.

पण त्याची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. अशा लेखात दोन वस्तू असतात. एक कथा, म्हणजे गुहा, तीत दडलेला राक्षस, त्याचे जुने वैर. दुसरी आकड्यांची चौकट : राक्षसाचे बळ किती, चिलखत किती, एका घावात किती इजा करतो. कथा कुठल्याही आवृत्तीत चालते, आकडे चालत नाहीत. भाऊ रात्री दिवा लावून पेन्सिलीने समासात ते आकडे नव्याने मांडीत बसे. एकेका राक्षसाला अर्धा तास. सकाळी प्रयोगशाळेत गेल्यावर डुलक्या. संपादकाला 'गद्दार' म्हणणारे वाचक त्याच्या हेतूविषयी चुकत होते, असे मला वाटते. दोन्ही घरी पानात वाढणाऱ्याला गद्दार कसे म्हणावे? पण हिशेबात ते चुकत नव्हते. अंकाची पाने मोजकी, आणि दुसऱ्याला दिलेले पान आपल्या उपयोगाचे नव्हे.

आम्हा मराठीवाल्यांना हे भांडण तसे परके नाही. १९६२ साली नवे शुद्धलेखन शासनमान्य झाले, तरी डोक्यावरचे अनुस्वार न सोडणारी माणसे पुढे कितीतरी वर्षे होती. फरक एवढाच, की अनुस्वार असला नसला तरी पत्र वाचता येते. इथे तसे नाही. टेबल एकच, आणि टेबलाला आवृत्तीही एकच लागते.

भावाच्या टेबलाचे तेच झाले. दोघांना चौथी आवृत्ती आवडली, दोघांना पाथफाइंडर, आणि पाचव्याचे लग्न ठरले. महिनाभर आळीपाळीने दोन्ही खेळून पाहिले, तेव्हा दर आठवड्याला कुणीतरी दोघे फुरंगटलेले असत. मग बुधवार बंद पडला. खरा राग त्याला त्याचा होता. तो बिचाऱ्या संपादकावर निघत होता, कारण संपादकाचा पत्ता अंकावर छापलेला होता.

ते त्रैमासिक २०१२ साली थांबले. २०१४ साली पाचवी आवृत्ती आली आणि पुष्कळ जुनी मंडळी तिच्याभोवती पुन्हा गोळा झाली. २०२३ च्या जानेवारीत कंपनी जुना खुला परवाना मागे घेणार, असा मसुदा फुटला. पुन्हा तोच गदारोळ झाला, तेव्हा महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली.

भाऊ आता पुण्यात असतो. त्याची मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या सुट्टीत तिने माळ्यावरून त्या अंकांचा गठ्ठा खाली काढला, आणि समासातले पेन्सिलीचे आकडे पाहून, हे कुणाचे गणित, म्हणून विचारले. परवा मी गेलो तेव्हा ती मला एका गुहेच्या तोंडाशी उभा करून फासा हातात देत होती. आवृत्ती कितवी, ते मी विचारले नाही.