फॅमिली डॉक्टर आधुनिक करा, पण कामगाराच्या सोयीने!



आधुनिकीकरण हा शब्द कानावर पडला की आपण आधी एकच प्रश्न विचारला पाहिजे : कोणासाठी? वाफेचे इंजिन गेले, डिझेल आले, डिझेलच्या जागी वीज आली. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पण यंत्र आणून माणूस कमी करायचा आणि उरलेल्याच्या डोक्यावर दुप्पट ओझे ठेवायचे, याला सुधारणा म्हणायला आम्ही तयार नाही. आता हीच पाळी फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यावर आली आहे.

बंगळूरच्या मल्लेश्वरमचे उदाहरण घ्या. ही वस्ती वाढली त्याला १८९८ च्या प्लेगचे कारण होते. पेठेतली गर्दी मोकळी करण्यासाठी मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहती उभ्या राहिल्या. प्लेगविरोधी कामात सुसूत्रता यावी म्हणून त्याच काळात शहरात टेलिफोनच्या तारा ओढल्या गेल्या. म्हणजे त्या काळचे सर्वात आधुनिक यंत्र लोकांचे जीव वाचवण्याच्या कामाला लागले होते.

आज त्याच मल्लेश्वरममध्ये काय दिसते? संपिगे रोडवर आणि आठव्या क्रॉसच्या बाजारात फुले, भाजी विकणाऱ्या बाया पहाटेपासून उभ्या. शेजारच्या यशवंतपूरला आपला ट्रॅकमन रात्रपाळी करून सकाळी घरी येतो. पीण्याच्या कारखान्यांतला कामगार अंधार पडल्यावर परततो. घरातल्या तीन पिढ्यांना ओळखणारा गल्लीतला जुना डॉक्टर आता थकला. त्याच्या जागी येते ती झगमगीत साखळी-क्लिनिक : मोबाईलवर नंबर लावा, वर्षाची मेंबरशिप घ्या, दर वेळी नवा डॉक्टर पाहा. तपासण्यांची यादी मोठी, बिल त्याहून मोठे. याला म्हणे सुधारलेली सेवा!

रेल्वेवाल्याला हा खेळ नवा नाही. रिझर्व्हेशनला कॉम्प्युटर आला, २००२ पासून घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले. खिडकीवरची रांग कमी झाली, ही सोय आम्ही नाकारत नाही. पण वेटिंग लिस्ट संपली काय? बर्थ तेवढेच असतील तर रांग फक्त दिसेनाशी होते, आणि ज्याच्या हातात चांगला फोन नाही तो रांगेच्याही बाहेर फेकला जातो. दवाखान्याचेही तेच आहे. डॉक्टर वाढवले नाहीत, नर्स नेमल्या नाहीत, तर ॲप काढून रोग्याला डॉक्टर कुठून भेटणार?

इंग्लंडचा अनुभव पाहा. १९४८ पासून तिथे प्रत्येकाला आपल्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवता येते आणि त्याला दाखवायला पैसे पडत नाहीत. ही व्यवस्था तिथल्या कामगार चळवळीने मिळवली. पण तिथेही डॉक्टर अपुरे पडले आणि सकाळी ८ वाजता अपॉइंटमेंटसाठी फोनवर झुंबड उडू लागली. ऑक्टोबर २०२५ पासून सरकारने दवाखान्यांना दिवसभर ऑनलाईन विनंत्या घेण्याचे बंधन घातले. डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेतली की, माणसे न देता दार उघडे ठेवलेत तर गंभीर रोगी त्या ढिगात हरवेल. हा इशारा आपल्यालाही लागू आहे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे आम्ही म्हणत नाही. कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२२ पासून ‘नम्म क्लिनिक’ सुरू केली. राज्यात ४३८ ची योजना, त्यांतली २४३ बंगळूरच्या वॉर्डांसाठी. डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन, औषध, सारे फुकट. ही चांगली गोष्ट आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण सुरू करताना वेळ ठरली सकाळी ९ ते दुपारी ४.३०! ज्याचे पोट रोजच्या हजेरीवर आहे त्याने खाडा करून तपासून घ्यायचे काय? फुकटचा दवाखाना त्याला एका दिवसाच्या मजुरीला पडतो. मग तो अंगावर दुखणे काढतो, आणि शेवटी के. सी. जनरल हॉस्पिटलच्या दारात जातो. जे दुखणे गल्लीत बरे झाले असते ते मोठ्या इस्पितळाची गर्दी वाढवते. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिका जाऊन पाच महापालिका आल्या. हद्दी खुशाल बदला, पण रोग्याला या दारातून त्या दारात पाठवू नका.

आता आपल्या घरात डोकावू. रेल्वेचा हेल्थ युनिट हाच आपला फॅमिली डॉक्टर. पण कामगार तिथे जातो कशाला? सिक-फिटच्या कागदाला! उमीद कार्ड आले, नोंदी कॉम्प्युटरवर जाऊ लागल्या, हे बरे झाले. परंतु कार्ड माणसाची ओळख पटवते, माणसाला ओळखतो तो डॉक्टर. ठेक्यावरचा डॉक्टर आज आहे, उद्या नाही. मग लोको पायलट त्याच्याजवळ मन कशाला मोकळे करील? साखर वाढली, नजर कमी झाली असे सांगितले तर गाडीवरून उतरवतील, या भीतीने तो दुखणे लपवतो. वर्षानुवर्षे पाहणारा, विश्वासातला डॉक्टर असेल तर हेच दुखणे वेळेत कळते, औषधाने आटोक्यात राहते. हा प्रश्न एका कामगाराचा नाही, त्याच्या मागच्या डब्यांतल्या शेकडो प्रवाशांचाही आहे.

कोणी म्हणेल, कायम डॉक्टर सरकारला परवडत नाही. १९४६ साली, देश गुलाम आणि कंगाल असताना, भोर समितीने सांगितले होते की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये. तेव्हा जे ध्येय ठेवता आले ते आज परवडत नाही, हे कोणी ऐकून घ्यावे? महाराष्ट्रात कामगार विमा योजनेत पॅनेल डॉक्टरची पद्धत होतीच : कामगाराने यादीतून आपला डॉक्टर निवडायचा, योजनेने डॉक्टरला दरडोई मोबदला द्यायचा. वाट जुनीच आहे, ती रुंद करायची आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत :

१. सरकारी दवाखाने आणि रेल्वे हेल्थ युनिट संध्याकाळी उशिरापर्यंत व सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवा.

२. ठरावीक कुटुंबांमागे एक ठरलेला डॉक्टर द्या, आणि तो कायम नेमणुकीवर द्या. नर्स, कंपाउंडर, लॅबवालेही कायम करा.

३. नोंदी कॉम्प्युटरवर ठेवा, पण त्यांची प्रत रोग्याच्या हाती द्या. त्याच्या संमतीशिवाय त्या मालकाला किंवा विमा कंपनीला दाखवू नका.

४. फोनवरचा सल्ला चालू औषधासाठी, रिपोर्ट समजावण्यासाठी जरूर द्या. पण हाताने तपासण्याच्या बदल्यात तो नको. आणि फोन नसलेल्यासाठी खिडकी कायम उघडी ठेवा.

५. पेन्शनर आणि ठेका कामगार यांना वगळून कोणतीही सुधारणा करू नका.

मित्रहो, मागण्या छापून भागत नाही. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. महिनाभर आपल्या सभासदांनी लिहावे : डॉक्टरकडे किती वाजता गेलो, किती तास बसलो, किती हजेरी बुडाली, औषध मिळाले की चिठ्ठी मिळाली. ही वही घेऊनच पीएनएमच्या बैठकीत बसू. वस्तीतल्या फुलवाल्या, हमाल, गिरणी-कारखान्यांतले कामगार यांनाही अशीच वही घालायला सांगू आणि ती महापालिकेच्या टेबलावर ठेवू. साहेबांकडे त्यांचे आकडे असतील, आपल्याकडे आपले असले पाहिजेत. चला, कामाला लागू या!