घाटकोपरला उतरलेली गोष्ट

एका मैत्रिणीने परवा मला शिबिराची जाहिरात पाठवली. ‘लेखनप्रेरणा निवासी शिबिर’, मुरबाडकडच्या कुठल्याशा फार्महाऊसवर, दोन दिवस, जेवणखाण धरून. खाली तिची पुस्ती, ‘तुला उपयोगी पडेल.’ दर आठवड्याला हे सदर वाचणारी बाई असं म्हणते, याचा अर्थ काय घ्यायचा? तरी चिकाटीने वेळापत्रक वाचलं. पहाटे साडेपाचला मौन. सातला निसर्गाशी संवाद. साडेआठला न्याहारी. नंतर ‘आतला आवाज ऐकणे’. आता पहाटे साडेपाचला माझा आतला आवाज एवढंच म्हणतो, की ऊठ, पाणी गेलं तर पिंप रिकामं राहील. त्यासाठी मुरबाडला पैसे कशाला मोजायचे?

आमच्या डोंबिवलीच्या आसपास लिहिणं-वाचणं काही नवं नाही. कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघालं 1864 मध्ये, ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये. पु. भा. भावे डोंबिवलीत राहिले. 2017 चं साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा संमेलननगरीला त्यांचंच नाव होतं. शं. ना. नवरे सरकारी नोकरी सांभाळून मध्यमवर्गीय घरांतल्या कथा लिहीत राहिले आणि 2013 मध्ये गेले तेही डोंबिवलीकर म्हणूनच. यांपैकी कोणी प्रेरणेसाठी फार्महाऊस गाठल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

आमच्याकडे प्रेरणा जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी लागते. सोसायटीचा फळा. आमचे सेक्रेटरीकाका बँकेतून निवृत्त झालेले, अक्षर मोत्यासारखं आणि शैली अशी की भल्याभल्या कथाकारांनी शिकवणी लावावी. गेल्या आठवड्यात त्यांनी लिहिलं, ‘काही सभासद गच्चीवर वाळवण घालून गच्चीची किल्ली स्वतःकडेच ठेवतात, असे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.’

‘काही सभासद’ या दोन शब्दांत केवढी ताकद आहे बघा. नाव घेतलं असतं तर एकच घर रागावलं असतं. नाव न घेतल्यामुळे चारही मजले कामाला लागले. संध्याकाळी फळ्यावर कुणीतरी खडूने बारीक अक्षरात भर घातली, ‘कुरडया मोजून ठेवल्या आहेत.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली तिसरं अक्षर, ‘तळून पाहिल्या. मीठ कमी आहे.’ दुपारी काकांनी फळा पुसला आणि ‘शुक्रवारी पाणी येणार नाही’ एवढंच लिहिलं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे, आणि चौथ्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांना डॉक्टरांनी मीठच बंद केलंय, ते विनाकारण सगळ्यांकडे बघून हसतायत. हे सगळं मला कोणी सांगितलेलं नाही. फळ्यावर निम्मं होतं, निम्मं आम्ही बायकांनी भरलं.

माझं म्हणणंच हे आहे. पूर्ण हकिगत कळली की लिहायला काही उरत नाही, मग ती बातमी झाली. खरी चैन अर्धवट ऐकण्यात आहे आणि त्याची सोय मध्य रेल्वेइतकी कोणी केलेली नाही. लेडीज डब्यात चढल्याबरोबर बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ विचारायचं, ही आपली रीत. ती ‘घाटकोपर’ म्हणाली की सीट पक्की. पण त्याच क्षणी हेही ठरतं, की तिच्या तोंडची गोष्ट आपल्याला घाटकोपरपर्यंतच मिळणार. हल्ली डबाभर बायका कानात बोंडं घालून बसतात, म्हणून मी मध्यंतरी खूप कुरकुर केली होती. ती अंशतः मागे घेते. मोबाईलवर बोलणाऱ्या बाईची एकच बाजू ऐकू येते, म्हणजे अर्धवटपणा घरपोच. मोठ्या आवाजात मालिका लावणाऱ्यांना मात्र क्षमा नाही.

तर मंगळवारची गोष्ट. (मंगळवार म्हणजे संपादकांचा फोन येण्याचा दिवस, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.) ठाणं गेलं, माझी सीट घाटकोपरवर लागलेली. माझ्यापुढे ती बाई, मांडीवर निळी डब्याची पिशवी, शेजारणीला सांगत होती, ‘मी सरळ सांगितलं, घर तुमच्या नावावर असेल, गॅस माझ्या नावावर आहे.’

‘अगंबाई! मग?’

‘मग काय, आठ दिवस कोणी काही बोललं नाही. काल रात्री साडेबाराला बेल वाजली. उघडते तर दारात मोठे दीर. हातात कुकर.’

‘रिकामा?’

आणि घाटकोपर आलं. दोघीही उतरल्या. मला खिडकीजवळची सीट मिळाली आणि दादरपर्यंत मी त्या कुकरचं झाकण उघडायचा प्रयत्न करत होते. वरणभात घालून पाहिला, दागिने घालून पाहिले, घराचे कागदसुद्धा घालून पाहिले. तसं कुठलंही चालेल, पण ‘रिकामा?’ हा प्रश्न जिला सुचला ती शेजारीण माझ्यापेक्षा चांगली लेखिका आहे, हे कबूल करायला हवं.

तेव्हा घाटकोपरला उतरणाऱ्या बाई, हा अंक हातात पडला तर कुकरमध्ये काय होतं तेवढं संपादकांच्या पत्त्यावर कळवा. नाव छापणार नाही. फार तर ‘काही सभासद’ असं लिहीन.