राजाचा श्लोक आणि दात्याची विहीर

मध्ययुगीन मुस्लिम सत्ताधीशांच्या काळातील संस्कृत कोरीव लेखांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचा एक ठरीव साचा झाला आहे. पालमच्या विहिरीवरचा वि.सं. 1333चा, म्हणजे इ.स. 1276चा लेख घ्यावा. त्यात सुलतान बलबन भूमीचा भार वाहत असल्यामुळे विष्णू क्षीरसागरात निश्चिंत झोपी गेला आहे, या आशयाची कल्पना आहे हे दाखवावे. आणि त्यावरून एका पक्षाने सामाजिक सलोख्याचा निर्वाळा द्यावा, दुसऱ्याने पराभूत समाजाच्या लाचारीचा. दोन्ही पक्ष एकमेकांना खोडून काढतात असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः दोघांची चूक एकच आहे. राजाविषयीच्या श्लोकाला ते समाजाच्या मनोवृत्तीचा पुरावा समजतात. ही चूक इतिहासाची नाही, वाङ्मयप्रकाराच्या आकलनाची आहे. म्हणून ती समीक्षेच्या व्यासपीठावरच दाखवणे भाग आहे.

पालमच्या प्रशस्तीत बलबनाच्या दिग्विजयाचे वर्णन आहे. सुलतान मोहिमेवर निघाला की आंध्र भयाने बिळांचा आश्रय घेतात, कर्णाटक गुहांत दडतात आणि महाराष्ट्रीय आपली स्थाने सोडून पळतात, असे पंडित योगीश्वर लिहितो. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. इ.स. 1276मध्ये देवगिरीवर यादव रामचंद्र निर्वेध राज्य करीत होता. दिल्लीच्या सैन्याने देवगिरी पाहिली ती 1296मध्ये, अल्लाउद्दीनाच्या स्वारीत. बलबन तर विंध्याच्या दक्षिणेस आलाच नाही. मग योगीश्वर खोटे बोलला काय? नाही. त्याने दिग्विजयाचा पाठ म्हटला. त्या जागी चौलुक्य राजा असता, गाहडवाल असता, तरी आंध्र आणि कर्णाट असेच पळाले असते. शेकडो वर्षे ते पळतच होते. प्रशस्तीच्या आराखड्यात राजाची एक जागा सिद्ध असते, आणि ज्याच्या नावाने त्या वर्षी कारभार चालतो तो तिथे बसतो.

याच लेखात दिल्लीच्या अधिपतींची यादी आहे: आधी तोमर, मग चाहमान, मग शक. या शकांत शहाबुद्दीन घोरीपासून बलबनापर्यंतची नावे संस्कृत वळणाने येतात, आणि मध्ये ‘जलालदीन’ हे एक नाव येते. ही रझिया. सिंहासनावर स्त्री बसली ही समकालीन फारसी इतिहासकारांना केवढी नवलाची गोष्ट वाटली! संस्कृत दगडावर तिचा उल्लेख इतर नावांच्या रांगेत, कसलाही खेद वा विस्मय न दाखवता होतो. याला स्त्रीविषयक औदार्य म्हणायचे काय? कोणी म्हणणार नाही. मग बलबनाच्या स्तुतीला धार्मिक औदार्य किंवा दास्य तरी कोणत्या आधारावर म्हणायचे? माझे म्हणणे असे की राजश्लोक हे कालनिर्देशाचेच एक विस्तृत अंग आहे. संवत्, मास, तिथी, वार आणि राजा ही एकाच व्यवहाराची साधने आहेत. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील शके 1511चा संस्कृत लेख पाहावा. फारुकी घराण्याची वंशावळ आणि तिथी-नक्षत्रांसह मांडलेले पंचांग तेथे एकाच श्वासात येतात.

‘म्लेंच्छ’ या शब्दाचेही असेच होते. सरबण येथील वि.सं. 1384चा (इ.स. 1328) लेख मुहंमद तुघलकाच्या राज्यातला. त्यात शहाबुद्दीनाला सरळ म्लेंच्छ म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात त्याच्या पराक्रमाची अग्नीशी तुलना केली आहे. हा शब्द दिसताच आजचा वाचक दचकतो किंवा सुखावतो. अग्रोतकाच्या ज्या वाण्यांनी तो कोरवून घेतला ते राजधानीपासून हाकेच्या अंतरावर निर्धास्त होते. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी 1998मध्ये या साऱ्या संज्ञांची, शक, तुरुष्क, ताजिक, यवन, यांची छाननी करून त्यांच्यामागे एकसंध ‘पर’ उभा नाही हे दाखवून दिले. आपल्याकडे त्या पुस्तकाचे नाव पुष्कळ घेतले जाते. त्याची पद्धत मात्र क्वचितच कोणी उचलली.

मग समाज कोठे आहे? तो राजश्लोक संपल्यावर सुरू होतो, आणि तिथेच आपले बहुतेक अभ्यासक पान उलटतात. पालमची विहीर बांधणारा ठक्कुर उद्धर हा मूळचा उच्च नगराचा, पंजाबच्या नद्या जिथे सिंधूला मिळतात त्या मुलखातला. लेख त्या नद्यांची नावे घेतो. तो पित्याचेच कुळ सांगून थांबत नाही, मातेचेही सांगतो. पत्न्यांची आणि अपत्यांची नावे देतो. विहीर पालंब गावाच्या पूर्वेस आणि कुसुंभपुराच्या पश्चिमेस, हे सांगतो. दिग्विजयाच्या श्लोकातला भूगोल कवीचा आहे. या ओळीतला भूगोल तहानेचा आणि वाटसरूंचा आहे. दूरच्या मुलखातून आलेले एक धनिक घराणे राजधानीच्या परिसरात आपली प्रतिष्ठा पाण्याच्या दानाने रुजवू पाहते, त्यासाठी पंडित नेमते, संस्कृत वापरते. सरबणच्या खेतल आणि पैतल यांनी विहीर खोदली ती पितरांच्या स्वर्गासाठी आणि वंशाच्या अखंड वाढीसाठी. सुलतान त्या हेतूत कोठेही नाही. दमोहजवळच्या बटिहागढ येथे तर वि.सं. 1385मध्ये जल्लाल खोजा नावाचा मुस्लिम अधिकारीच गोमठ, बावडी आणि बाग केल्याचे संस्कृतात नोंदवतो. स्थानिक प्रतिष्ठेची ती भाषा होती. ज्याला त्या गावात नाव राखायचे त्याला तीच लागे.

आता माझ्यावर येणारा आक्षेप मीच मांडतो. राजश्लोक जर साचा असेल, तर विलसचा ताम्रपट काय? काकतीय प्रतापरुद्राचा 1323मध्ये पराभव झाला आणि बंदी म्हणून नेला जात असता तो नर्मदेच्या काठी मरण पावला. त्यानंतर काही वर्षांनी प्रोलय नायकाने दिलेल्या या दानपत्रात तुरुष्कांच्या राज्यातील हाल सविस्तर वर्णिले आहेत: मूर्ती फोडल्या, यज्ञ बंद पडले, अग्रहार हिरावले, शेतकऱ्यांचे पीक लुटले. सुलतान तोच, मुहंमद तुघलक, ज्याच्या नावाखाली सरबणचे वाणी निश्चिंतपणे विहीर खोदत होते. सिंथिया टॅलबट यांनी 1995मध्ये दाखवले की अशी प्रतिमा सीमेवरच्या अस्थिर काळात, नव्या सत्तेला अधिष्ठान हवे असताना बळावते. हे बरोबर आहे. पण त्यावरून आपल्याकडच्या काही पुरोगामी लेखकांनी विलसचे वर्णन म्हणजे ‘केवळ अलंकार’ असे म्हणून टाकले, ते मला मान्य नाही. पालममधला अलंकार सत्य आणि विलसमधले सत्य अलंकार, ही सोयीची वाटणी झाली. तिची उलट वाटणी करणारेही आहेतच, आणि त्यांचा आवाज अलीकडे अधिक मोठा आहे. वाचनाचा नियम दोन्हीकडे एकच हवा. कलियुगाच्या अंधाराचे वर्णन साच्यातले. परंतु हिरावलेले अग्रहार ही एका ठरावीक वर्गाची ठरावीक हानी आहे, आणि दान घेणारा विद्वान ब्राह्मण त्याच वर्गातला आहे. तक्रार खरी आहे, आणि ती कोणाची हेही दगडावर, म्हणजे येथे ताम्रपटावर, लिहिलेले आहे.

कल्याणचा शके 1248चा (इ.स. 1326) लेख याच सुलतानाच्या काळचा. तेथील मधुकेश्वराचे मंदिर गडबडीत भंगले. मल्ल नावाच्या ठक्कुराने स्थानिक अधिकारी ख्वाजा अहमदाकडे दाद मागितली. जीर्णोद्धार होऊन पूजा पुन्हा सुरू झाली. विध्वंस आणि परवानगी दोन्ही एका दगडावर. सलोख्याच्या बाजूचे वकील यातला पूर्वार्ध गाळतात, संघर्षाच्या बाजूचे उत्तरार्ध. मला महत्त्वाचा वाटतो तो मधला अर्ज. कोणाकडे जायचे, कोणत्या भाषेत बोलायचे आणि झालेला निर्णय कोठे कोरून ठेवायचा, हे जाणणारा एक स्थानिक माणूस त्या अर्जात उभा आहे. असा माणूस राजवंशांच्या इतिहासात सापडत नाही, आणि ‘पर’ व ‘स्व’ यांच्या सैद्धांतिक चर्चेतही सापडत नाही.

मराठी समीक्षेने या साऱ्याकडे पाठ फिरवली याचे एक कारण आपल्या देशीवादात आहे. संस्कृत म्हणजे मार्गी, मार्गी म्हणजे वरून लादलेले, हे समीकरण एकदा पक्के झाल्यावर संस्कृत कोरीव लेखात गावकुसाजवळचे काही सापडेल अशी अपेक्षाच उरली नाही. शं. गो. तुळपुळे यांनी ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ 1963मध्ये सिद्ध केला. त्याचा उपयोगसुद्धा आपण भाषेच्या प्राचीनत्वाच्या वादापुरता करून घेतला. पालमच्या लेखात संस्कृतासोबत तिथल्या बोलीतला मजकूरही आहे. दात्याला दोन्ही लागले, एकाच विहिरीसाठी. देशी आणि मार्गी यांचा झगडा त्याच्या दगडावर नाही. तो आपल्या परिसंवादांतून आला आहे.

या लेखांत सगळा समाज आहे असा माझा दावा नाही. ज्याला पंडित, शिल्पी आणि दगड परवडतो त्याचाच तो समाज. विहीर खणणाऱ्या हातांची नावे पालमला नाहीत आणि सरबणलाही नाहीत. तिचे पाणी कोणाला भरू दिले जात होते हेही लेख सांगत नाही. पण हा प्रश्न विचारण्यासाठी आधी विहिरीपर्यंत जावे लागते, आणि अभ्यासक अजून राजाच्या श्लोकापाशीच हुज्जत घालीत उभे आहेत.