कॅगचा अहवाल कपाटात जाऊ देऊ नका



नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर 2023 संपता संपता 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 अर्भके होती. दोन दिवसांनी एक खासदार तिथे पोहोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. चित्रफीत राज्यभर फिरली. बऱ्याच जणांनी टाळ्याही वाजवल्या.

टाळ्या वाजवण्यासारखे त्यात काही नव्हते. आरोग्याचा पैसा कुठे अडला, कोणी अडवला, हे सचिवाला समोर बसवून विचारण्याचा अधिकार आपण लोकप्रतिनिधींना दिला आहे. तो खुंटीला टांगून झाडू उचलणे हा देखावा झाला. आरोग्य हा राज्याच्या सूचीतला विषय, म्हणून हा सवाल खासदारांपेक्षाही आपल्या आमदारांना आहे.

नांदेडच्या आधीची गोष्ट पाहा. सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. पुरवठ्याच्या तक्रारी थांबेनात, तेव्हा 2023 मध्ये कायदा करून वेगळे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढले. नांदेडच्या मृत्यूंची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा या प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारीसुद्धा नव्हता. जे न्यायालयाला विचारावे लागले, ते विधिमंडळाने आधीच विचारायला हवे होते.

आता संधी पुन्हा आली आहे, आणि म्हणूनच हे निवेदन. राज्याच्या आरोग्यसेवेवरचा कॅगचा, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात सभागृहापुढे ठेवला गेला. त्यात 2016-17 ते 2021-22 या वर्षांची तपासणी आहे. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांची रिकामी पदे, हाफकिनकडून न पोहोचलेली औषधे, खर्चाविना पडून राहिलेला निधी, सगळे त्यात मांडले आहे. परिचारिकांची तर साधारण एक तृतीयांश पदे रिकामी. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2017 मध्ये राज्यांना सांगितले होते की 2020 पर्यंत अर्थसंकल्पातला आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्च करा. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही.

पण असे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरीला पटलावर ठेवले जातात. आमदारांच्या गाड्या तोवर समृद्धी महामार्गाला लागलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे येतात, तिसऱ्या दिवशी अहवाल कपाटात. पुढचे काम विधिमंडळाच्या लोकलेखा समितीचे. या समितीत सर्व पक्षांचे आमदार असतात आणि अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. समितीने अहवालातला परिच्छेद निवडला की खात्याच्या सचिवाला साक्षीला यावे लागते. निवडलाच नाही तर खाते लेखी खुलासा पाठवते आणि विषय तिथेच मिटतो. कोणता परिच्छेद निवडायचा हे समिती ठरवते. तिच्यावर मतदारांचा दाब असू नये असा नियम कुठेही नाही.

अर्थसंकल्पी अधिवेशनाची तऱ्हाही निराळी नाही. अनेक खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर एकाच दिवशी मिळून चर्चा होते आणि आवाजी मतदानाने कोट्यवधी रुपये मंजूर होतात. दिल्लीकडे बोट दाखवून उपयोग नाही. 23 मार्च 2023 रोजी लोकसभेने सुमारे 45 लाख कोटी रुपयांच्या मागण्या गदारोळात, चर्चेशिवाय मंजूर केल्या. तरी संसदेत निदान खातेनिहाय स्थायी समित्या आहेत आणि आरोग्याच्या मागण्या तिथे बारकाईने तपासल्या जातात. केरळच्या विधानसभेतही विषय समित्यांची जुनी परंपरा आहे. मुंबईत ती का रुजू नये, हे आपल्या आमदारांना विचारा.

आणखी एक गुंता आहे. जिल्हा रुग्णालये व आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य विभागाची, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. रुग्णाला हा फरक ठाऊक नसतो, पण उत्तर टाळणाऱ्याला नेमका ठाऊक असतो. 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत केलेले उपचारही पहिल्या विभागाच्या रुग्णालयांतलेच.

आता तुम्ही काय करायचे ते सांगतो.

सरकारी रुग्णालयात औषध नसले की डॉक्टर 'बाहेरून आणा' म्हणतात आणि नाव लिहून देतात. ते केसपेपरवर क्वचितच लिहिलेले असते, बहुधा एका वेगळ्या चिठोऱ्यावर असते. चिठोरे दप्तरी राहत नाही, म्हणून कागदोपत्री औषध कधी संपलेलेच नसते. ते चिठोरे आणि समोरच्या मेडिकलचे पक्के बिल टाकून देऊ नका. दोन्हींची झेरॉक्स काढून ठेवा. डॉक्टरांशी वाद घालू नका, त्यांचाही हात रिकामाच असतो.

या प्रती जोडून आपल्या आमदारांना पत्र लिहा. पत्रात शिव्याशाप नकोत, उत्तर देता येईल असे प्रश्न हवेत: आपल्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाला गेल्या वर्षी औषधांसाठी किती निधी मंजूर झाला, हातात किती पडला, त्यातला किती मार्चअखेरच्या घाईत खर्ची पडला? किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत? आणि शेवटचा: कॅगच्या आरोग्य अहवालावर लोकलेखा समितीने सचिवांची साक्ष घ्यावी, असे तुम्ही समितीच्या अध्यक्षांना लेखी कळवाल का? पत्राची पोच घ्या. आमदार गप्प राहिले तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून निधीचे आणि पदांचे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा आणि उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवा. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. तिच्यापुढे जायला एका सदस्याचे पाठबळ लागते, ते आपल्या आमदाराकडे हक्काने मागा.

एका पत्राने काही हलणार नाही. एकाच मतदारसंघातून दोनशे पत्रे आली तर मात्र आमदारांचा स्वीय सहायक ती टेबलावर ठेवतोच, कारण मोजणी त्यालाही येते.

येते अधिवेशन सुरू होण्याची वाट पाहू नका. आमदारांना तुमचा प्रश्न सभागृहात विचारायचा असेल तर तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते. मुदत टळली तर तुमचा प्रश्न त्या अधिवेशनाला मुकतो. पत्र याच आठवड्यात टाका.