सारसाचं घरटं आणि शेतकऱ्याचा तुकडा

आपल्या कोल्हापूरच्या शिवारात सारस दिसत नाही. महाराष्ट्रात तो उरलाय तो मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात, तोही पन्नासाच्या आत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, जवळजवळ माणसाएवढा.

वाल्मिकींच्या गोष्टीतला क्रौंच म्हणजे सारसच, असं बरेच जाणकार मानतात. पारध्यानं जोडीतला एक मारला आणि त्या दुःखातून श्लोक जन्मला. म्हणून सारस म्हटलं की जन्माची जोडी डोळ्यासमोर येते. आज बाण मारणारं कोणी नाही, पण विजेच्या तारा हायत, विषारी फवारे हायत, आटत चाललेले तलाव हायत. २०२१ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं याची स्वतःहून दखल घेतली.

आता मुद्द्याचं बोलतो. सारस पावसाळ्यात धानाच्या उभ्या पाण्यात घरटं करतो. अंडी बहुधा दोन, उबवायला महिनाभर. घरट्यासाठी आजूबाजूचं धान मोडतो. आजरा-गगनबावड्याच्या भातवाल्यांना विचारा, गुंठाभर भात गेलं तर किती जीवाला लागतं!

नुसत्या गोष्टी सांगून, हात जोडून पक्षी जगत नाही. घरटं सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला मोडलेल्या धानाचे पैसे त्याच हंगामात, हेलपाटे न घालता मिळाले पाहिजेत. त्या बदल्यात त्यानं घरट्याजवळ फवारणी टाळावी. धोक्याच्या तारांचं काम वीजवाल्यांनी करावं. जोडीचं कौतुक सगळ्यांनी करायचं आणि नुकसान एकट्यानं सोसायचं, हे काय बरोबर नाही. तुम्हाला काय वाटतं?